'नोई' म्हणजे कोण?

मराठी वाचकाची इटलीशी ओळख जुनी आहे. सावरकरांनी लिहिलेले मॅझिनीचे चरित्र १९०७ साली पुण्यात छापले गेले, पुढे त्यावर बंदी आली, आणि मॅझिनी-गॅरिबाल्डी ही नावे मराठी घरांत परकी राहिली नाहीत. नंतर फिल्म सोसायट्यांच्या पडद्यावर डी सिकाच्या नायकाची सायकल चोरीला गेली आणि रोमच्या गल्ल्या आपल्या ओळखीच्या झाल्या. अलीकडे व्हेनिस, पिसा आणि रोम सहलकंपन्यांच्या आठ दिवसांच्या कार्यक्रमात बसले. वाचक, प्रेक्षक आणि प्रवासी या तिघांनी पाहिलेली इटली अर्थातच वेगवेगळी आहे. परंतु तिघेही बाहेर उभे राहून पाहतात आणि त्या बाहेर असण्याचे त्यांना काही वाटत नाही, कारण परत जाण्याचे घर ठरलेले असते. परदेशात बिऱ्हाड केले की मात्र हे बाहेर असणे रोजच्या व्यवहारात शिरते. भाडेकरार, डॉक्टरकडची रांग, कचऱ्याच्या पिशव्यांचे ठरलेले वार, शेजारणीने जिन्यात विचारलेले क्षेमकुशल, अशा प्रत्येक ठिकाणी आपण आत आहोत की बाहेर, हा प्रश्न उभा राहतो. आम्हांला तो सर्वांत आधी व्याकरणात भेटला.

आम्ही उभयता २०२१ च्या शरद ऋतूत बोलोन्याला गेलो आणि २०२५ च्या सप्टेंबरात परतलो. आमच्यापैकी एकाचे तेथे संशोधनाचे काम होते आणि दुसऱ्याजवळ भाषा शिकण्यापुरता वेळ होता. भाषा शिकताना जे सर्वनाम सर्वांत सोपे म्हणून पहिल्या आठवड्यात हातावेगळे झाले, ते चार वर्षे आमचा पिच्छा पुरवत राहिले. ते सर्वनाम म्हणजे 'नोई'. शब्दकोशात त्याचा अर्थ 'आम्ही' असा दिलेला असतो आणि 'आपण' असाही. संस्कृतातल्या 'नः' या रूपाशी त्याचे दूरचे नाते आहे. इटालियन माणसाला त्यात काहीच संदिग्ध वाटत नाही. मराठी माणसाला मात्र ते ऐकताच थांबावे लागते, कारण समोरच्याला धरून बोलायचे की वगळून, हे ठरवल्याखेरीज आपल्याला प्रथमपुरुषी अनेकवचन उच्चारताच येत नाही. 'आम्ही जेवायला बसतो' आणि 'आपण जेवायला बसू' या दोन वाक्यांत पाहुण्याच्या ताटाचा फरक आहे. हिंदीत वा बंगालीत हा भेद नाही. गुजरातीत आहे, आणि दक्षिणेकडे तमिळ-तेलुगूत आहे. द्रविड भाषांच्या सहवासातून तो मराठीत आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कोठूनही आलेला असो, तो आमच्या कानात पक्का बसलेला होता. त्यामुळे बोलोन्यात कोणी 'नोई' म्हटले की मनातल्या मनात मराठी करताना आमची अडचण होई. हे 'आम्ही' की 'आपण'?

शहराविषयी थोडे सांगितले पाहिजे. बोलोन्या हे कमानींचे शहर आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांचे वरचे मजले पुढे आलेले, त्यांना खांबांचा आधार आणि खाली आच्छादित पायवाट. यांना 'पोर्तिको' म्हणतात. सगळे पोर्तिको एकापुढे एक मांडले तर त्यांची लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते. २०२१ सालच्या जुलैत युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. या बांधणीचा इतिहास रंजक आहे. १०८८ हे परंपरेने मानले गेलेले स्थापनावर्ष असलेल्या इथल्या विद्यापीठात दूरदूरचे विद्यार्थी येऊ लागले, खेड्यांतून कारागीर आले, शहराच्या तटांत जागा पुरेना. तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे वाढवले. खाली जी सावली पडली तिचे पुढे १२८८ मध्ये नगरशासनाने नियमात रूपांतर केले: नव्या घराला पोर्तिको असलाच पाहिजे आणि त्याखालून घोडेस्वार जाऊ शकेल एवढी त्याची उंची असली पाहिजे. जागा घरमालकाची, डागडुजी मालकाने करायची, पण चालण्याचा हक्क सर्वांचा. आपल्या जुन्या घरांतल्या ओसरीची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था आहे, फक्त ओसरीवर कोणी बसायचे आणि कोणी अंगणातच थांबायचे, हे आपल्याकडे जात पाहून ठरत असे. बोलोन्याच्या पावसात आम्ही छत्रीवाचून मैलभर चालत गेलो तेव्हा कोणी आमच्याकडे कागद मागितला नाही. परक्यांना जागा देण्याच्या गरजेतून हे स्थापत्य जन्मले आहे, आणि दगडाच्या भाषेत ते अजूनही 'आपण' म्हणते, असे आम्हांला वाटत असे.

माणसांच्या भाषेत प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. इटालियनमध्ये एकवचनी संबोधनाची दोन रूपे रोजच्या वापरात आहेत. जवळच्यांसाठी 'तू' आणि आदरार्थी 'लेई'. पहिल्याचा उच्चार मराठी 'तू'सारखाच आहे आणि मूळही एकच. त्यामुळे तो मराठी कानावर त्याच्या सगळ्या मराठी वजनासह पडतो. 'लेई' या शब्दाचा मूळ अर्थ 'ती'. 'व्होस्त्रा सिन्योरिया', म्हणजे साधारण 'आपली सरकारस्वारी', अशा स्त्रीलिंगी उपाधींच्या जागी हे सर्वनाम आले आणि स्थिरावले. समोरच्या पुरुषालाही तृतीयपुरुषी स्त्रीलिंगाने संबोधायचे, ही गोष्ट परक्याला विचित्र वाटते. मराठी माणसाला तितकी वाटू नये, कारण 'रावसाहेबांनी बसावे' असे म्हणताना आपणही समोरच्याला तृतीयपुरुषात पाठवून मोठे करत असतो.

या 'लेई'ला राजकीय इतिहास आहे. १९३८ साली फासिस्ट राजवटीने ते परकीय आणि गुलामी वृत्तीचे ठरवून त्याच्या जागी 'व्होई' वापरण्याची मोहीम काढली. 'लेई' नावाचे स्त्रियांचे एक साप्ताहिक होते. त्या नावाचा संबंध आदरार्थी संबोधनाशी नव्हता, तरी त्याला नाव बदलून 'आन्नाबेल्ला' व्हावे लागले. गॅलिलिओ गॅलिलेईचे आडनावही आता बदलावे लागणार, असा विनोद तेव्हा झाला. सर्वनाम बदलले की माणसामाणसांतले अंतर बदलते, हे हुकूमशहांना व्याकरणकारांइतकेच कळते. युद्धानंतर 'लेई' परत आले. 'व्होई' दक्षिणेत पूर्वीपासून बोलीत होते, तेथे ते राहिले.

सकाळी कॉफीच्या दुकानात फळीशी उभे राहून हा भेद ऐकण्यासारखा असतो. 'कोझा प्रेंदे?' म्हणजे 'आपण काय घेणार?' आणि 'कोझा प्रेंदी?' म्हणजे 'तू काय घेणार?' एका स्वराचा फरक. कॉफी देणारा माणूस एका हाताने कप मांडत, दुसऱ्याने दूध वाफवत, निवृत्त न्यायाधीशाला 'प्रेंदे' म्हणतो, विद्यार्थिनीला 'प्रेंदी' म्हणतो आणि कधी चुकत नाही. ज्याला रोखून पाहण्याचीही त्याला सवड नाही त्याचे वय, पेशा, ओळख त्याच्या जिभेने आधीच तोललेली असते. अनोळखी माणसाला अरे-तुरे करण्याची पद्धत तरुणांत वाढली आहे. पण प्रौढांत 'तू'वर यायचे तर तसे बोलून दाखवावे लागते. त्यासाठी वाक्प्रचार आहे: एकमेकांना 'तू' देणे. जो वयाने वा मानाने मोठा, त्याने ते आधी देऊ करायचे. 'अहो-जाहो' आम्ही मराठीत 'करतो'. इटालियनमध्ये 'तू' आणि 'लेई' 'दिले' जाते. दिलेले घेता येते, आणि न मागता अंगावर टाकलेलेही असते.

हा दुसरा प्रकार आम्ही एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीपाशी पाहिला. परदेशी माणसाच्या चार वर्षांतले कित्येक दिवस अशा खिडक्यांसमोर जातात. वास्तव्याच्या परवान्याला 'पेर्मेस्सो' म्हणतात; त्यासाठी पोस्टातून अर्जाचा लखोटा आणायचा, १६ युरोचे मुद्रांक-तिकीट चिकटवायचे, पावती जपायची, तारीख मिळाली की बोटांचे ठसे द्यायचे, आणि परवाना हाती येईपर्यंत त्याच्या नूतनीकरणाची वेळ जवळ आलेली असते. त्या दिवशी रांगेत आमच्यापुढे एक इटालियन गृहस्थ काही दाखल्यासाठी उभे होते. खिडकीतल्या बाईंनी त्यांच्याशी 'लेई'ने, पूर्ण वाक्यांत, संकेतार्थी क्रियापदे वापरून संभाषण केले. त्यांच्यामागे पश्चिम आफ्रिकेतून आलेला, केस पिकू लागलेला एक मनुष्य होता. त्याच्या वेळी बाईंचा आवाज चढला, सर्वनाम 'तू' झाले आणि क्रियापदांचे प्रत्यय गळून पडले: 'तू समजणे? तू उद्या येणे.' त्या मनुष्याने शुद्ध इटालियनमध्ये, 'लेई' वापरून, कोणता कागद कमी आहे ते विचारले. बाईंनी पुन्हा धातुरूपांतच उत्तर दिले. आमची पाळी आली तेव्हा आम्हांलाही तेच व्याकरण मिळाले.

बाई दुष्ट नव्हत्या. परक्याला समजावे म्हणून भाषा मोडून बोलण्याची ही रीत जगभर आढळते आणि भाषाशास्त्रात तिचा स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. समोरच्याला भाषा येत नाही या गृहीतकातून ती सुरू होते. पण त्याला ती येते हे ऐकूनही जेव्हा ती थांबत नाही, तेव्हा प्रश्न भाषेचा उरत नाही. झुम्पा लाहिरी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन आल्त्रे पारोले' या आपल्या पहिल्या इटालियन पुस्तकात अशाच एका भिंतीविषयी लिहिले आहे. वर्षानुवर्षे कष्टाने शिकलेल्या त्यांच्या भाषेपेक्षा, चेहरा आणि नाव इटालियन वाटेल अशा त्यांच्या पतीची बेताची भाषा दुकानदारांना अधिक अस्सल वाटते. ऐकणारा कानांआधी डोळ्यांनी ऐकतो, असा त्या अनुभवाचा अर्थ. दलित आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकाला यात नवे काही सांगण्याची गरज नाही. पिकल्या केसांच्या माणसाला पोराने 'अरे' म्हणावे आणि त्याने पोराला 'मालक' म्हणावे, हे व्याकरण आपल्याकडे पुष्कळ आधीपासून पाठ आहे.

'पेर्मेस्सो' या शब्दाला तेथे आणखी एक आयुष्य आहे. कोणाच्या घरी गेल्यावर, दार उघडे असले तरी, उंबरा ओलांडताना 'पेर्मेस्सो?' असे विचारायचे असते. आतून 'आव्हांती, आव्हांती!' असे उत्तर येते. 'या, या, आत या' असेच त्याचे मराठी. पोटभाडेकरूपासून प्राध्यापकापर्यंत सर्व जण हा शब्द वापरतात, सख्खा भाऊही वापरतो. कार्यालयात ज्या शब्दासाठी महिनोन्‌महिने खेटे घालायचे, तोच शब्द शेजाऱ्याच्या दारात एका श्वासात उच्चारायचा आणि त्याच श्वासात होकार मिळवायचा. चार वर्षांत आम्हांला दोन्ही 'पेर्मेस्सों'ची सवय झाली, पण त्यांना एकच शब्द मानणे जमले नाही.

असे पहिले 'आव्हांती' आम्हांला तळमजल्यावरच्या वृद्ध बाईंकडून मिळाले. वय ८६. आम्ही आपसात त्यांना आजी म्हणत असू. त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही 'दा नोई' हा शब्दप्रयोग शिकलो. त्याचे शब्दशः मराठी 'आमच्याकडे'. इतके तंतोतंत जुळणारे प्रयोग दोन भाषांत क्वचित सापडतात. 'दा नोई' रागूत टोमॅटो थोडाच घालतात. 'दा नोई' रागू तालियातेल्लेबरोबर खातात, स्पॅगेटीबरोबर कधीच नाही. जगभर जो पदार्थ बोलोन्याच्या नावावर खपतो तो बोलोन्यात नसतो, हे त्या तिरस्काराने सांगत. १९८२ साली रागूची प्रमाण पाककृती शहराच्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवली गेली आणि २०२३ मध्ये ती सुधारून पुन्हा नोंदवली, हेही त्यांना ठाऊक होते. पण त्यांच्या मते दोन्ही वेळा ती जरा चुकलीच होती. कारण त्यांचे 'दा नोई' शहराचे नव्हते, त्यांच्या आईच्या चुलीचे होते. पुण्यातली 'आमच्याकडे आमटीत गूळ घालतात' म्हणणारी बाई यापेक्षा निराळी नसते.

'दा नोई'मागून अटळपणे दुसरा प्रयोग येतो: 'दा व्होई?' तुमच्याकडे? हा प्रश्न अत्यंत सौजन्याने विचारला जातो आणि तो विचारला की माणूस आपोआप दाराबाहेर जातो. तुमच्याकडे लग्ने कशी होतात? तुमच्याकडे थंडी असते? पुण्यात 'आमच्याकडे' म्हणताना आमच्या मनात एक घर असे, फार तर एक तालुका असे. बोलोन्यात 'आमच्याकडे' म्हणताच दीडशे कोटींच्या देशाचे वकीलपत्र गळ्यात पडे.

आम्ही मांस खात नाही हे कळल्यावर आजी दोन दिवस विचारात पडल्या. एमिलियाच्या पाकपरंपरेत डुकराचे मांस कोठे नाही असे क्वचितच घडते. तोर्तेल्लीनीच्या पोटातही तेच असते. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर निरोप पाठवला. टेबलावर 'तोर्तेल्लोनी दी माग्रो' होते: रिकोत्ता चीज आणि पाल्याचे सारण भरलेले. नाताळच्या आदल्या रात्री, मांस वर्ज्य असते तेव्हा करण्याचा हा पदार्थ. उपासाचाच म्हणा ना. 'आम्हीही खातो की हे,' असे त्या म्हणाल्या. आमच्यासाठी निराळे काही शिजवण्याऐवजी त्यांनी आपल्याच परंपरेत आम्हांला बसता येईल असा कोपरा शोधून काढला होता. मग पाट जवळ ओढल्यासारखी खुर्ची ओढून त्या म्हणाल्या, 'मांज्यामो.' जेवू या.

येथे व्याकरणाची एक खुबी ध्यानात घेतली पाहिजे. इटालियनमध्ये कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययातच असतो, त्यामुळे सर्वनाम सहसा उच्चारत नाहीत. 'आंद्यामो' म्हणजे 'चला, जाऊ या'. त्यात 'नोई' म्हणण्याची गरज नसते. 'नोई' मुद्दाम उच्चारले जाते ते बहुधा भेद दाखवण्यासाठी: नोई असे करतो, इतर तसे करतात. हे कळल्यावर आमचे कोडे निम्मे सुटले. 'नोई' जेथे गप्प असे तेथे बहुधा आम्ही आत असू. जेथे ते मोठ्याने उच्चारले जाई तेथे बहुधा बाहेर. मराठीत जे काम दोन शब्द करतात ते इटालियनमध्ये एक शब्द आणि एक मौन मिळून करतात.

परंतु आजींचे स्वतःचे 'नोई'ही एकसंध नव्हते. त्यांची बालभाषा बोलोन्याची बोली. प्रमाण इटालियन त्यांनी शाळेत छड्या खात शिकले. इटलीचे एकीकरण झाले त्या १८६१ साली इटालियन बोलू शकणारे लोक अवघे अडीच टक्के होते, असा अंदाज तुल्लियो दे माउरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध भाषिक इतिहासात मांडला. इतर अभ्यासकांनी हा आकडा दहा टक्क्यांपर्यंत नेला आहे. म्हणजे कोणताही अंदाज धरला तरी दहांपैकी नऊ इटालियनांना इटालियन परकी होती. मिलानच्या मान्झोनीने आपली 'इ प्रोमेस्सी स्पोझी' ही कादंबरी फ्लॉरेन्सच्या बोलण्याबरहुकूम पुन्हा लिहून १८४० ते ४२ या काळात प्रसिद्ध केली. आपलीच पुस्तके पुन्हा धुऊन काढण्याची पाळी तेथल्या थोर लेखकावरही आली होती. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दक्षिणेतल्या पुल्या प्रांतातून १९६४ साली कारखान्यात कामाला आलेले एक गृहस्थ राहत. तेव्हा त्यांना कोणी घर भाड्याने देईना. त्यांच्या पाठीमागे 'तेर्रोने' म्हणत, मातीत लोळणारा अशा अर्थाची ती शिवी. 'दहा वर्षे मी येथे परदेशी होतो,' असे ते सांगत. आता 'नोई बोलोन्येझी', आम्ही बोलोन्याकर, अशी त्यांची भाषा होती आणि नव्याने आलेल्यांविषयीच्या त्यांच्या तक्रारीही अस्सल बोलोन्याकराच्या होत्या. 'आपण' या शब्दाचे दार आतून बंद करणाऱ्यांत जे स्वतः नुकतेच आत आले ते पुष्कळदा पुढे असतात, हा नियम पुण्या-मुंबईलाही लागू आहे.

कोपऱ्यावरचे रात्री उशिरापर्यंत चालणारे वाणसामानाचे दुकान पाकिस्तानी पंजाबमधून आलेल्या भावांचे होते. तेथे हळद, मसूर आणि कोथिंबीर मिळे. दुसऱ्या भेटीतच त्यांनी 'अपने लोग' म्हणून हिशेबातली चिल्लर सोडली. पुण्यात असताना या 'अपने'त आमचा समावेश झाला नसता आणि आम्हीही तो केला नसता. परदेशात माणूस एका 'आपण'मधून बाहेर राहतो तेव्हा नकाशावर कल्पनाही न केलेले दुसरे 'आपण' त्याला मिळते. मात्र आमच्यातले आणि त्यांच्यातले अंतर आम्ही विसरू शकलो नाही. आमच्याकडे विद्यापीठाचे पत्र होते. त्यांच्याकडे सोळा तासांचा दिवस होता.

आणि त्यांच्याहूनही खाली उभे असलेले लोक होते. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत पंजाबी गवळ्यांनी कित्येक वर्षे दूध काढले आहे. ज्या चीजवर इटली अभिमान बाळगते त्यातले बरेच दूध त्यांच्या हातचे. रोमच्या दक्षिणेला लातिना परिसरातल्या शेतांवरही भारतीय मजूर राबतात. २०२४ सालच्या जूनमध्ये तेथे एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी घराजवळ टाकून देण्यात आले आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. देश हादरला, मोर्चे निघाले. ज्याला आयुष्यभर कोणी 'लेई' दिले नसेल, त्याच्याविषयी वृत्तपत्रांनी मृत्यूनंतर आदराने लिहिले. सर्वनाम बदलल्याने हात वाचतो असा आमचा दावा नाही. परंतु ज्याला पूर्ण वाक्यात बोलावण्याची गरज कोणाला वाटली नाही, त्याला रस्त्यावर टाकणे सोपे जाते, एवढे खरे.

तिसऱ्या मजल्यावर मोरोक्कोहून आलेले कुटुंब होते. त्यांची मुलगी बोलोन्यातच जन्मली, तेव्हा दहा वर्षांची होती. २५ एप्रिलच्या मुक्तिदिनाच्या सुमारास तिच्या वर्गाला पियाझ्झा देल नेत्तुनो या चौकात नेले होते. तेथे भिंतीवर नाझी-फासिस्टांशी लढताना मरण पावलेल्या सुमारे दोन हजार क्रांतिकारकांची लहान लहान छायाचित्रे लावलेली आहेत. संध्याकाळी जिन्यात तिने आम्हांला सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाली, 'मग नोई जिंकलो.' उच्चार बोलोन्याचा, 'नोई' ठसठशीत. आम्ही मनात त्याचे मराठी केले आणि या वेळी अडखळलो नाही. भेद दाखवणाऱ्या त्या 'नोई'च्या पलीकडे फासिस्ट होते. अलीकडे ती होती, आणि ऐकणारे आम्हीही होतो.

कायद्याचे व्याकरण वेगळे आहे. १९९२ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी आईबापांच्या पोटी इटलीत जन्मलेल्या मुलाला अठरा वर्षे तेथे सलग राहिल्यावरच नागरिकत्व मागता येते. युरोपीय संघाबाहेरच्या प्रौढाला दहा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. ही अट पाच वर्षांवर आणावी यासाठी २०२५ सालच्या ८ आणि ९ जूनला सार्वमत घेण्यात आले. मतदारांपैकी सुमारे तीस टक्केच फिरकले, निम्म्यांहून अधिक मतदानाची अट पुरी झाली नाही आणि प्रस्ताव बारगळला. दुसरीकडे, अर्जेंटिना वा ब्राझीलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, इटालियनचा शब्दही न येणाऱ्या माणसाला पणजोबाच्या दाखल्यावर नागरिकत्व मिळू शके. त्यावर २०२५ मध्येच आई-वडील आणि आजी-आजोबांपर्यंतची मर्यादा आली. त्या मुलीचे 'नोई' शाळेने मान्य केले होते. राज्य त्यासाठी आणखी आठ वर्षे थांबणार होते.

परतण्याच्या महिनाभर आधी, २ ऑगस्टला, आम्ही रेल्वे स्थानकावर गेलो. १९८० साली त्याच दिवशी नवफासिस्ट दहशतवाद्यांनी तेथल्या प्रतीक्षालयात बाँब ठेवला. ८५ माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या तेव्हा ३७ क्रमांकाच्या बसला पांढऱ्या चादरी बांधून तिच्यातून मृतदेह नेले गेले. दर्शनी भिंतीवरचे घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबवून ठेवले आहे. दरवर्षी शहर मिरवणुकीने तेथे जाते, भाषणे होतात, आणि त्या मिनिटाला गाडीची शिट्टी वाजल्यावर हजारो माणसे गप्प होतात. प्रतीक्षालयातल्या संगमरवरी फलकावर मृतांची नावे आणि वये कोरलेली आहेत. त्यांत जपान, जर्मनी, ब्रिटन अशा देशांतले प्रवासीही आहेत. देशाचा उल्लेख नाही, नुसते नाव आणि वय. आजींनी त्या दिवशी आमचा हात धरला होता. त्याच्या आदल्या वर्षीच त्यांनी आम्हांला 'तू' देऊ केले होते, आणि ८६ वर्षांच्या बाईला 'तू' म्हणताना आम्हांला संकोच वाटला नाही, कारण आई, आजी आणि देव यांना मराठीत तूच म्हणतात. त्या एका मिनिटात कोणतेच सर्वनाम कोणी उच्चारले नाही.

इटालियन भाषेला संदिग्धतेचा आडोसा आहे. 'नोई' म्हणणारा माणूस परक्याला आत घेतो आहे की बाहेर ठेवतो आहे, हे त्याला स्वतःलाही ठरवावे लागत नाही. तो निर्णय ऐकणाऱ्यावर पडतो, आणि परका माणूस तो चार-चार वर्षे करत बसतो. मराठीने आपल्या बोलणाऱ्याला हा आडोसा ठेवलेला नाही. पुण्याच्या बांधकामांवर, मुंबईच्या उपाहारगृहांत, द्राक्षबागांत, कारखान्यांत जी माणसे दूरच्या प्रांतांतून येऊन राहिली आहेत, ज्यांची मुले आपल्या शाळांत मराठी कविता पाठ करतात, त्यांच्यासमोर तोंड उघडताच आपल्याला 'आम्ही' आणि 'आपण' यांतून एक शब्द निवडावा लागतो. तो आपण रोज निवडतो. ऐकणाऱ्याला तो नीट कळतो.